घोंगड्याखालची प्रकाशनळी

मी एक जुनी प्रकाशनळी आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक विनंती करून ठेवते. मी सांगते म्हणून लगेच खरं मानू नका. माझ्या एकटीच्या शब्दावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. जिथे माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे संशय घेणं हाच रोजचा धंदा होता.

मी उजेड देणारी नळी नव्हे, उजेड टिपणारी; आकाराने कुंकवाच्या डबीएवढी. काचेची, आतली हवा काढून घेतलेली. उजेडाचा अगदी बारीक कण माझ्या तोंडावर पडला, तरी मी त्याचा विजेचा ठोका करते आणि तारेतून पुढे पाठवते. काजवा चमकला तरी माझे डोळे दिपतात, म्हणून मला कायम काळोखात ठेवावं लागतं. आता माझी खोडही ऐका. अंगात जरा ऊब चढली, की कधीकधी काहीच न दिसता मी ‘दिसलं, दिसलं’ म्हणून ठोका देते. मुद्दाम नव्हे, आम्हा नळ्यांची घडणच तशी आहे. म्हणून आम्हाला एकेकटीला कामावर ठेवत नाहीत. जोडीला दुसरी नळी देतात आणि दोघी एकाच क्षणी ओरडल्या, तरच नोंद धरतात.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला युरोपात नेलं आणि जमिनीखाली खोल, एका प्रचंड गोल बोगद्याच्या काठी बसवलं. त्या बोगद्यात दोन बाजूंनी प्रोटॉन सोडत. अणूच्या गाभ्यातले हे कण जवळजवळ उजेडाच्या वेगाने पळत येत आणि समोरासमोर आदळत. त्या टकरीतून नवे कण उडत, ते क्षणात फुटत, त्यांचे आणखी कण होत. माझ्यासमोर प्लास्टिकच्या पाट्या होत्या. त्यांच्यातून कण गेला की पाटी किंचित निळसर चमकायची आणि ती चमक मी टिपायची. माझ्यासारख्या हजारो जणी तिथे होत्या.

लोक विचारतात, मग तू तो प्रसिद्ध हिग्ज बोसॉन पाहिलास का? नाही हो. तो कोणीच पाहिला नाही. तो जन्मतो न जन्मतो तोच फुटतो. मागे राहतात त्याचे तुकडे, आणि आमच्या वाट्याला येते त्या तुकड्यांच्या उजेडाची चिमूट. सगळ्यांच्या चिमटी एकत्र करून माणसं हिशेब मांडत आणि मग त्या हिशेबावरच संशय घेत. आम्ही नळ्या ठीक आहोत का, हे बघायला ठरलेला उजेड आमच्या तोंडावर पाडत. आपल्याच मनाला हवं ते दिसू नये, म्हणून कितीतरी आकडे तपासणी पुरी होईपर्यंत स्वतःपासूनच झाकून ठेवत. बोगद्यावर दोन वेगळे गट दोन वेगळ्या यंत्रांवर तोच शोध घेत होते. २०१२ सालच्या जुलैत दोघांचं बोलणं जुळलं, तेव्हा पिकल्या केसांची माणसं डोळे पुसत होती. इतका संशय घेतल्यावर आलेला आनंद मला पहिल्यांदाच खरा वाटला.

पुढे यंत्र सुधारलं, नव्या नळ्या आल्या आणि आम्हा काही जणींना काढून खोक्यात भरलं. खोक्यावर चिठ्ठी लावली, ‘जुन्या’. शोधाच्या वेळी टाळ्या वाजवणारे त्या कपाटावरून येत-जात होते, पण कोणी दार उघडलं नाही. काळोखाची मला सवय होती. पण कामाचा काळोख वेगळा आणि अडगळीचा वेगळा, हे तिथे कळलं.

मग पल्लवी आली. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातल्या मेंढपाळ घरातली ही मुलगी पदार्थविज्ञान शिकली होती आणि त्या प्रयोगावर काम करणाऱ्या भारतीय गटात काही दिवस होती. आता ती सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या एका महाविद्यालयात शिकवत होती. तिने गटाकडे दोन जुन्या नळ्या मागितल्या. मी आणि माझी जोडीदारीण अशा रीतीने कृष्णाकाठच्या मुलखात आलो.

पल्लवीने प्लायवूडची पेटी करवून घेतली. आत एकावर एक प्लास्टिकच्या दोन पाट्या ठेवल्या. वरच्या पाटीवर मी, खालच्या पाटीवर माझी जोडीदारीण. पेटीच्या प्रत्येक फटीवर तिने काळ्या चिकटपट्टीचे थर दिले, उजेडाचा कवडसाही आत येऊ नये म्हणून. दिसायला पेटी अगदी गबाळी झाली, पण आत मला हवा तसा गच्च काळोख मिळाला.

आमचं काम होतं म्यूऑन मोजायचं. अवकाशातून येणारे कण आपल्या हवेच्या वरच्या थरावर आदळतात. म्हणजे बोगद्यात माणसं एवढा खटाटोप करून जे करतात, ते डोक्यावर अखंड चाललेलं असतं. त्या टकरीतून पुढे म्यूऑन नावाचे कण निघतात आणि छतातून, भिंतीतून, तुमच्या-माझ्यातून आरपार जातात. उंचावर ते जास्त मिळतात, खाली थोडे कमी. पल्लवीला तेच दाखवायचं होतं. आधी कोरेगावात मोजायचं, मग तिच्या गावच्या उंच पठारावर, आणि मग पुन्हा कोरेगावात. परत खाली आल्यावर आधीचाच आकडा मिळाला पाहिजे, नाहीतर वरच्या आकड्याचाही भरवसा धरता येत नाही. दिवाळीनंतर पुण्यात अभ्यासकांची बैठक होती, तिथे तिला हे मांडायचं होतं.

कोरेगावची मोजणी झाली आणि पेटी जीपमधून पठारावर गेली. तिथे पवनचक्क्या गरगरत होत्या आणि गावाचा त्यांच्यावर जुना राग होता. ह्यांच्या पात्यांनी ढग पुढे ढकलले जातात आणि पाऊस पडायचा राहतो, असं गावात बोललं जायचं. अशा गावात तारा लोंबणारी पेटी उतरली. बघता बघता माणसं जमली. त्यांत पल्लवीचा चुलतभाऊ धनाजी सगळ्यांत पुढे होता.

“खरं सांग पल्ले,” तो म्हणाला, “ढग पळवायचं यंत्र हाय का न्हाई ह्ये?”

“न्हाई रं दादा. ह्यातनं काय बाहेर सुटत न्हाई. नुसतं बघतंय ते.”

“नुसतं बघायचंय तर चारी अंगानं एवढ्या काळ्या पट्ट्या कशाला? आत काय लपवलंय?”

प्रश्न रास्त होता. मी त्याच्या जागी असते, तर मीही हेच विचारलं असतं.

तेवढ्यात पल्लवीचे थोरले चुलते भाऊसो पुढे आले; घरचे त्यांना अण्णा म्हणत. खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. ते पेटीशी उकिडवे बसले आणि तिच्याकडे अशा नजरेने बघू लागले, जशी माणसं बाजारात दुसऱ्याच्या जनावराकडे बघतात.

“आत किती नळ्या हायत म्हणालीस?”

“दोन, अण्णा.”

“दोन कशाला?”

“एकीवर भरवसा न्हाई म्हणून. दोघींनी एकाच वक्ताला बघितलं, तरच खरं धरायचं.”

भाऊसोंचा चेहरा जरा सैल झाला. “ह्ये मातूर पटलं. आमी बी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला दोघं बसतोय. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. दोघांची मोजणी जुळली, तरच मेंढरं आत आली म्हणायचं.” मग ते उठले आणि जमलेल्यांकडे वळले. “पेटी हितं हाय तवर माझ्या राखणीत ऱ्हाईल. काय वंगाळ झालं, तर माझ्याकडं बोट दावा.”

जमलेली माणसं पांगली. पटलं म्हणून नव्हे, भाऊसोंनी शब्द दिला म्हणून. पल्लवीने जाताना एवढंच सांगितलं, “अण्णा, पट्टीला कुणाचा हात लागू देऊ नका.” भाऊसोंनी मान हलवली.

आणि मित्रांनो, काय सांगू त्या राखणीचं! पुतणीवर माया होती, पण पेटीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गावापासून पेटी राखायची आणि पेटीपासून गाव राखायचं, अशी दुहेरी राखण त्यांची चालली होती. मेंढरं त्यांनी मुलांवर सोपवली. पेटी ठेवली होती त्या पत्र्याच्या खोलीच्या दारातच जेवायचे, दारातच झोपायचे. धनाजी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने यायचा, ते त्याला तिथूनच परतवायचे. मधल्या काळात पाऊस दोनदा चांगला झाला. त्याने धनाजीचा आवाज जरा खाली आला इतकंच. मला मात्र भाऊसोंचा फार आधार वाटला. तो माणूस आमच्याच धंद्यातला होता.

वरचा आकडा जास्त आला, हवा तसा. पेटी कोरेगावात परतली, खिडकीशेजारच्या टेबलावर बसली आणि पुन्हा मोजणीला लागली. पल्लवी दसऱ्यासाठी गावी निघून गेली.

आता तानाजीमामांची ओळख करून देते. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ त्या प्रयोगशाळेचे परिचर. त्यांच्या हाताखाली पितळेचा तराजू सोन्यासारखा चमकायचा आणि बाटल्या रांगेत उभ्या राहायच्या, पलटण उभी राहते तशा. खंडेनवमीला प्रत्येकजण आपापल्या हत्यारांची पूजा करतो. मामांची हत्यारं म्हणजे प्रयोगशाळेतली यंत्रं. त्या दिवशी त्यांनी सगळी यंत्रं पुसली आणि शेवटी आमच्या पेटीपुढे येऊन उभे राहिले. पठाराची धूळ बसून पट्ट्या मळल्या होत्या, कडेने सुटत चालल्या होत्या.

“वर्षाचा सण,” ते स्वतःशीच म्हणाले, “आन मॅडमची पेटी अशी भिकाऱ्यागत?”

त्यांनी एकेक पट्टी ओढून काढली. चिकटा रॉकेलने पुसला. लाकडाला पॉलिश केलं आणि कडेकडेने सोनेरी कागदाची झालर लावली. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली आणि हात जोडले. आजवर कोणी मला हात जोडले नव्हते. पण त्या झालरीने फटी झाकल्या त्या माणसाच्या नजरेपुरत्या. उजेडाला कसली झालर आणि कसलं काय! तो सरळ आत घुसला.

मी किंचाळू लागले. माझी जोडीदारीणही किंचाळू लागली. एरवी एकीची चूक दुसरीमुळे उघडी पडते. पण इथे दोघींनाही एकाच उजेडाने झोडपलं होतं. दोघी अखंड ओरडत राहिल्या, तेव्हा त्या कल्लोळात कितीतरी ठोके योगायोगानेच एका क्षणाला पडले. आणि एका क्षणाला पडले, की यंत्राच्या लेखी ते खरेच! असा उजेड आम्हाला भाजून काढतो. लवकर झाकलं नाही, तर आमची नजर कायमची जाते. पण मला बोलता येतं एकच, ‘दिसलं’. ‘पेटीला पट्ट्या नाहीत’ हे ठोक्यातून कसं सांगणार?

पल्लवी परतली. सोनेरी झालर पाहून तिला हसू आलं. आपण लावलेल्या पट्ट्यांवरच मामांनी सजावट केली, असं तिला वाटलं. मग तिने रोजची बेरीज पाहिली आणि ते हसू मावळलं. कोरेगावचा आकडा पठारावरच्या आकड्याला कितीतरी मागे टाकून गेला होता. म्हणजे पेटी बिघडली होती. कुठे बिघडली असेल? आपल्या खोलीत, आपल्या कुलपात? छे. तिला आठवली ती गावातली गर्दी, आणि धनाजीचा आवाज. तिने तिथल्या तिथे भाऊसोंना फोन लावला.

“अण्णा, खरं सांगा. धनाजीनं पेटी उघडली हुती ना?”

“न्हाई पोरी. मी हुतो की दारात.”

“तुमी जरा कुठं गेला असाल, तवा?”

“म्हंजी मी राखण केली न्हाई, असं म्हणतीस?”

“मी काय म्हणत न्हाई, अण्णा. पर आकडे खोटं बोलत न्हाईत.”

मित्रांनो, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे! तसं असतं, तर हजारो माणसांनी आमच्यापायी इतकी वर्षं झोप कशाला उडवून घेतली असती? संशय घ्यायला शिकलेली मुलगी, पण तिचा संशय पेटीला वळसा घालून थेट माणसावर गेला. मला तिचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी भाऊसो एसटीने कोरेगावात हजर झाले. पायांवर धूळ, अंगावर तेच घोंगडं. पाणीही न घेता ते पेटीसमोरच्या स्टुलावर बसले.

“दाव,” ते म्हणाले. “माझ्या राखणीत कवा उघडलं, ते दाव.”

पल्लवीचा चेहरा उतरला. पण बोललेलं आता मागे घेता येत नव्हतं. तिने संगणक त्यांच्याकडे वळवला. कालपर्यंत तिने घाईघाईत रोजची बेरीज तेवढी पाहिली होती. आता समोर आरोप केलेला माणूस बसला होता. त्याला पटवायचं, तर तासातासाचं सगळं उलगडून दाखवणं भाग होतं.

“ह्ये बघा अण्णा, ह्ये तुमच्याकडचं. सरळ रेघ. आन ह्ये इथलं. हितं रातचं खाली... सकाळी वर... दुपारी...”

ती मध्येच थांबली. तुमच्याकडची रेघ सरळ, असं तिच्याच तोंडून आलं होतं. आणि इथली रेघ ऊन चढेल तशी चढत होती. तिने मान वर केली. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन टेबलावर, पेटीच्या सोनेरी झालरीवर पडलं होतं.

“अण्णा, घोंगडं द्या.”

“काय?”

“घोंगडं द्या तुमचं, बिगीनं!”

भाऊसोंनी ते काढून दिलं. पल्लवीने दोन्ही हातांनी ते पेटीवर टाकलं, कडा खाली दाबल्या. मेंढीच्या लोकरीचा, पावसापाण्याचा, धुराचा वास आला आणि पाठोपाठ गच्च काळोख पसरला. माझा जीव भांड्यात पडला. मोजणीयंत्रावरचे लाल आकडे धावायचे थांबले आणि पूर्वीसारखे सावकाश चालू लागले.

चहाचे कप घेऊन तानाजीमामा दारात उभे होते. पल्लवी झालर उचलून खालची उघडी फट बघत होती, ते त्यांनी पाहिलं. कप खाली ठेवून ते ताठ उभे राहिले.

“मॅडम, त्या पट्ट्या मीच काढल्या. खंडेनवमी हुती. लय मळकट दिसत हुत्या.”

पल्लवी त्यांच्यावर काय रागावणार! पट्टीला हात लागू देऊ नका, हे भाऊसोंना तिने बजावलं होतं. ज्यांच्या हातात प्रयोगशाळेची किल्ली, त्यांना एकदाही नाही. ती खाली फरशीवरच बसली.

“अण्णा, चुकले मी. तुमच्यावर संशय घेतला.”

“संशयाचं काय न्हाई,” भाऊसो म्हणाले. “मी तर ह्या पेटीवर आजून घेतोय. तपासायच्या आदी बोललीस, त्येचं वाईट वाटलं.” त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. “आता धनाजीला फोन लाव.”

“त्येला कशाला? त्येला काय ठाऊकच न्हाई.”

“तुला ठाऊक हाय न्हवं?”

पल्लवीने फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडून धनाजी खो खो हसला.

“आगं, मी खरंच उघडणार हुतो की! दोनदा पाना घिऊन गेलो. अण्णा दारातनं उठतील तर ना!”

भाऊसो आधी डोळे वटारून फोनकडे बघत राहिले आणि मग त्यांनाही हसू फुटलं. तानाजीमामा तेवढे अजून ताठच उभे होते. शेवटी पल्लवीनेच त्यांच्या हातात काळ्या पट्टीचं नवं रीळ दिलं आणि म्हणाली, “मामा, आता तुमीच लावा.” त्यांनी ती अशी लावली, की वाऱ्यालाही आत यायला परवानगी काढावी लागेल. कुंकवाचा टिळा मात्र पल्लवीने पुसू दिला नाही.

मोजणी नव्याने झाली आणि आधीचाच आकडा आला. पुण्याच्या बैठकीत पल्लवीने चुकीची रेघही दाखवली, उन्हाबरोबर चढणारी, आणि ती कशी आली तेही सांगितलं. उन्हाळ्यात पेटी पुन्हा पठारावर जायची आहे. पाऊस मोजायचं भांडंही सोबत न्यायचं आहे, कारण पवनचक्क्यांबद्दल भाऊसोंना अजून काही पटलेलं नाही. ते म्हणतात, मोजून दाव, मग बघू.

त्या उन्हात माझी नजर अधू झाली, मित्रांनो. माझी जोडीदारीण माझ्याहून थकली आहे. ती कधीकधी खरा कणही चुकवते आणि मग मी एकटीच ओरडते, पण माझं कोणी धरत नाही. तेच योग्य आहे. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवरचं काही ओढून काढण्याआधी, ते तिथे का आहे, हे विचारा. आणि माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण माणसाचं नाव तोंडावर आणण्याआधी माझी फट बघा.

त्या दिवशी भाऊसो निघाले, तेव्हा पल्लवीने घोंगडं काढायला हात घातला. बाहेर थंडी पडू लागली होती आणि एसटी पोचायला रात्र होणार होती.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पट्टीवर माझा भरवसा न्हाई. माझी राखण आजून हाय.”

आणि ते नुसत्या सदऱ्यावर स्टँडकडे चालू लागले. घोंगडं अजून माझ्यावरच आहे.